सातबारा आणि बहिणीची सही
सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेने पनवेलच्या गावांत भातखाचरांचे भूखंड झाले आणि सासरी गेलेल्या बहिणी एकाएकी आठवल्या. हक्कसोडपत्रावर सही हवी ना!

सही मिळाली नाही, तर बाबांचे मृत्युपत्र पुढे येते. पण नुसता नोंदणीचा शिक्का पुरत नाही. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यानुसार दोन साक्षीदार लागतात आणि संशय फेडायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची असते. शिवाय हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत बाबांना स्वतःचाच हिस्सा देता येतो. मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

दावा लावलाच, तरी लोकअदालतीत तडजोड करावी. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते. फक्त बहिणीला साडीआधी सातबारा दाखवा.