टकळी, कुकरची रिंग आणि चंद्रावरचे हेल्मेट

आमच्या नात्यात एक वाक्य फार लाडके आहे. लग्न असो, बारसे असो, पुण्या-मुंबईची मंडळी जमली की मला उद्देशून कुणीतरी ते टाकतेच. "काका, जग चंद्रावर पोचलं आणि तुमच्या वर्धेनं पोरांच्या हातात टकळी दिली!" मग हशा होतो. मीही हसतो, कारण पंगतीत वाद घालू नये अशी आईची शिकवण. पण इथे पंगत नाही. तेव्हा आज एकदाचे बोलून टाकतो.

हे वाक्य फेकणाऱ्यांनी टकळी तर हातात धरलेली नसतेच, पण माणूस चंद्रावर कशाच्या आधाराने उभा राहिला तेही पाहिलेले नसते. त्यांच्या डोळ्यांसमोर असते ते फक्त रॉकेट. धूर, आवाज, उलटी मोजणी. मी बी.ए. झालेला भाषेचा मास्तर, विज्ञान माझा विषय नव्हे. पण अपोलोच्या त्या पोशाखाबद्दल मिळेल ते वाचत आलो आहे, आणि त्यातही माझे मन अडकले ते गळ्यापाशी. हेल्मेट जिथे सूटला जोडले जाते त्या कडीपाशी.

आधी हेल्मेट बघा. अपोलोच्या आधी जेमिनी यानांत जे हेल्मेट होते ते डोक्याबरोबर वळत असे. अपोलोसाठी ते बदलले. पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकचा एक मोठा बुडबुडा, तो गळ्याशी पक्का बसवलेला. तो वळत नाही. माणसाने आतल्या आत मान वळवायची. मागच्या बाजूला एक फोमची गादी, तिच्यातून येणारा प्राणवायू डोक्यावरून चेहऱ्यासमोर फिरायचा, म्हणजे सोडलेला श्वास तोंडापाशी साचत नसे आणि काचेवर वाफ धरत नसे. चंद्रावर उतरताना या बुडबुड्यावर आणखी एक टोप चढवायचा. त्यात दोन पडदे, बाहेरच्या पडद्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर, उन्हापासून डोळे वाचवायला. आपण फोटोत बघतो तो सोनेरी चेहरा हाच.

आता कडी. सूटमध्ये शुद्ध प्राणवायू भरलेला असे, दाब दर चौरस इंचाला सुमारे ३.७ पौंड. आपल्या घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी हवेपेक्षा सुमारे १५ पौंड जास्त दाब असतो, म्हणजे सूटमधला दाब त्याच्या चौथा हिस्सा. वाटतो किरकोळ. पण आठवीतल्या मुलासारखे गणित करून पाहा. गळ्याचे तोंड १० इंच व्यासाचे धरले तर क्षेत्रफळ ७८.५ चौरस इंच. गुणिले ३.७, म्हणजे जवळजवळ २९० पौंड. सुमारे १३० किलो! बाहेर तर हवाच नाही. म्हणजे दोन धट्ट्याकट्ट्या माणसांच्या वजनाएवढा जोर ते हेल्मेट मानेवरून उडवून लावायला बघतो आहे, आणि त्याला धरून ठेवते आहे ॲल्युमिनियमची एक कडी, तिच्यातल्या बोटाएवढ्याही नसलेल्या खिट्ट्या आणि रबराचा एक काठ. कुकरच्या झाकणातली रिंग जे काम करते तेच काम. रिंगवर भाताचे शीत अडकले तर काय होते ते घरातल्या बायकांना विचारा.

चंद्रावर भाताचे शीत नव्हते, धूळ होती. तिथे वारा नाही, पाणी नाही, त्यामुळे कण घासून गोल झालेले नाहीत. काचेच्या चुऱ्यासारखे धारदार. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या पीट कॉनरॅड यांचा सूट पहिल्या फेरीआधी घट्ट होता. पहिल्या फेरीनंतर त्यातून दर मिनिटाला ०.१५ पौंड दाब झिरपू लागला, दुसरीनंतर ०.२५. धोक्याची मर्यादा होती ०.३०. तिसरी फेरी ठरलेलीच नव्हती म्हणून निभावले. रॉकेट शाबूत, यान शाबूत, आणि प्रश्न उभा राहिला तो रबराच्या काठांचा.

हे सगळे केले कुणी? कड्या बनवल्या कनेटिकट राज्यातल्या मिलफर्डच्या एअर-लॉक या कंपनीने. आणि सूट शिवला डेलावेअर राज्यातल्या डोव्हरच्या कंपनीने, जी 'प्लेटेक्स' नावाने बायकांची अंतर्वस्त्रे विकत असे. १९६५ च्या स्पर्धेत तिने विमान-उद्योगातल्या नामांकित कंपन्यांना मागे टाकले. एलिनॉर फोरेकर यांच्यासारख्या तिथल्या शिलाई करणाऱ्या बायकाच मग चंद्राचे सूट शिवायला बसल्या. थरावर थर, मशीनवर, पण हाताच्या अंदाजाने. एखादी टाचणी आत राहिली तर सूट फुटेल म्हणून तयार कपड्याचा एक्स-रे काढत.

म्हणजे त्या गळ्याच्या कडीत तीन कामे एकत्र आली. टर्नरचे, रबर बसवणाऱ्याचे आणि शिंपिणीचे. आपल्याकडे या तीन कामांकडे कोण जाते? "दहावीला कमी पडले, निदान आयटीआय तरी कर" असे ज्याला ऐकवले जाते तो. आणि "शिकून काय करणार, शिवणकाम शीक" असे जिला ऐकवले जाते ती.

कुणी म्हणेल, मास्तर, नकाशे तर इंजिनिअरांनीच काढले ना? काढले. त्यांच्याशिवाय झाले नसते, हे मलाही मान्य. पण कागदावरच्या सूटमध्ये कुणाला श्वास घेता येत नाही.

आता वर्धेकडे येतो. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला इथे शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि 'वर्धा योजना' देशभर गाजली. तिच्यावर टीका झाली आणि ती सगळी खोटी नव्हती. मुलांच्या हातच्या मालावर शाळेचा खर्च निघावा ही अपेक्षा मलाही कधी पटली नाही. त्याने शाळेचा कारखाना व्हायला वेळ लागला नसता. पण योजनेचा गाभा तो नव्हता. गाभा होता समवाय. हाताने काम करता करता त्यातूनच गणित, भूगोल, विज्ञान शिकायचे. टकळी म्हणजे सूत काढण्याची सक्ती नव्हे. फिरकी का फिरते, धागा का तुटतो, पीळ दिल्यावर तोच कापूस बळकट का होतो, हे बोटांना कळणे म्हणजे टकळी.

आम्ही काय केले? कार्यानुभवाचा तास वेळापत्रकात ठेवला आणि परीक्षा जवळ आली की गणिताला देऊन टाकला. वर्षानुवर्षे मी हे बघितले. हिंगणघाट-पुलगावसारख्या कापसाच्या गावांच्या जिल्ह्यात दहावीच्या मुलाला शर्टाचे बटण लावता येत नाही, आणि त्याच्या आईला त्याचा अभिमान वाटतो!

म्हणूनच आणखी एक गोष्ट मला सलते. भारताच्या वतीने आजवर दोघे अंतराळात गेले. १९८४ मध्ये राकेश शर्मा सोव्हिएत सूटमध्ये, २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला अमेरिकन कंपनीच्या सूटमध्ये. २३ ऑगस्ट २०२३ ला आपले चांद्रयान-३ चंद्रावर अलगद उतरले, माझाही ऊर भरून आला. रॉकेट आपल्याला जमते. पण माणूस पाठवायचा तर अंगावरचा कपडाही स्वतःच्या हाताने करता यायला हवा, आणि तो करणारी बोटे शाळेतच तयार व्हायला लागतात.

तेव्हा नातेवाईक मंडळी, माझी एवढीच विनंती. पुढच्या लग्नात टकळीचा विनोद जरूर करा, पण त्याआधी घरच्या आठवीतल्या पोराला कुकरची रिंग काढून हातात द्या. पट्टीने व्यास मोजायला लावा, झाकणावर किती जोर येतो ते काढायला लावा. मग रिंग धुऊन, नीट बसवून, भात लावायला सांगा. आणि त्याने उद्या "मला फिटर व्हायचंय" म्हटले, तर तोंड वाकडे करू नका.