‘सदाशिव’ कुठे गेला?

महाडहून वरंधा घाट चढून भोरच्या बाजूस गेले की दादा कोंडके यांच्या मूळ गावाचा, इंगवलीचा, मुलूख लागतो. म्हणजे दादा आमचे घाटापलीकडचे शेजारीच. तरीही गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थिनीने लघुप्रबंधासाठी त्यांचे ‘एकटा जीव’ निवडले, तेव्हा विभागाच्या बैठकीत विषय दोन मिनिटांत निकालात निघाला. ‘हे शब्दांकन आहे, आत्मचरित्र नव्हे, शिवाय दादा कोंडके!’ त्या ‘शिवाय’मध्ये सगळा आक्षेप होता. मी गप्प बसलो.

शब्दांकनाचा आक्षेप आमच्या तालुक्यात तरी कोणी घेऊ नये. इथल्याच शिवथरघळीत रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. (तेही बोहल्यावरून निघून आलेले, हे ओघाने आठवले.) तुलना करीत नाही, लिहून घेणारा दुसरा असला म्हणून ग्रंथ बाद होत नाही, एवढेच.

अनिता पाध्ये यांनी शब्दांकित केलेल्या या पुस्तकाचे शीर्षकच आधी वाचावे. ‘एकटा जीव सदाशिव’ हे आपल्या बोलीतले वचन. ना बायको ना पोर, कशाची फिकीर नाही अशा माणसाविषयी थोड्या हेव्यानेच उच्चारले जाते. १९७२ साली दादांचा याच नावाचा चित्रपट आला. आयुष्य सांगायची वेळ आली तेव्हा मात्र ‘सदाशिव’ गळाला. बेफिकिरी गेली, एकटेपणा तेवढा उरला.

पडद्यावरचा त्यांचा नायक भोळसट, अविवाहित, रत्नमालाबाईंच्या ‘आये’च्या धाकातला. पुस्तकातल्या माणसाचे लग्न होऊन मोडलेले आहे. बाहेर रौप्यमहोत्सवांची रांग आणि घरी वाट पाहणारे कोणी नाही. सेवादलाचे कलापथक, ‘विच्छा माझी पुरी करा’तला हवालदार, १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ लावायला दादरच्या ‘कोहिनूर’ने दिलेला नकार आणि मग शिवसेनेने घातलेले लक्ष, हा सगळा प्रवास तमाशातल्या सोंगाड्याच्या जागेवरून पाहिलेला आहे. सोंगाड्या दरबारात उभा राहतो, पण दरबारातला होत नाही. तीच तिरकी नजर स्वतःच्या रिकाम्या घराकडे वळते, तेव्हा विनोदाचा पोत बदलतो.

हा एकटेपणा ऐकणारे कोण होते? महाड-पोलादपूरचे कितीतरी पुरुष गिरणगावात असेच राहिले. बायकामुले गावी, स्वतः लालबाग-परळच्या खोलीत अनेकांबरोबर, जेवण खाणावळीत. १९८२च्या संपानंतर ती दुनिया विस्कटली. दादांच्या द्व्यर्थी विनोदाला नाक मुरडणारी आपली समीक्षा या प्रेक्षकाच्या वाट्याला आलेले सक्तीचे ब्रह्मचर्य विचारात घेत नाही.

पुस्तक निर्दोष नाही. त्यात एकच बाजू ऐकू येते, जुने हिशेब चुकते होतात. आमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका तोच होता: विनोदी नटाच्या एकटेपणाच्या कथनात पत्नीचे एकटेपण कुठे नोंदले जाते? तिची आजी पोलादपूरजवळच्या गावी आयुष्यभर मुंबईच्या मनिऑर्डरीची वाट पाहत राहिली, हे तिने मला बैठकीनंतर सांगितले.

येत्या जूनमध्ये तिचा अर्ज पुन्हा विभागापुढे येईल. मार्गदर्शक म्हणून त्यावर या वेळी माझी सही आहे.