‘जनहित’ कोणाचे?

मुळशी धरणाचे पाणी पुण्याला द्या, अशी मागणी निघाली की व्यासपीठावर ‘जनहित’ येतेच. मला तेव्हा १९२१ चा मुळशी सत्याग्रह आठवतो. मुंबईला वीज हवी, म्हणून टाटांचे धरण हवे. धरण हवे, म्हणून मावळ्यांनी जमीन सोडावी, असा तो युक्तिवाद. पहिले दोन दुवे मान्य केले तरी तिसरा आपोआप सिद्ध होत नाही. मोबदला किती, संमती कोणाची, हे प्रश्न मधल्यामध्ये गळतात. पुढे १९२४ मध्ये सेनापती बापटांनी आगगाडी अडवून गोळीबार केला. सात वर्षांची शिक्षा भोगली. कृत्याचे समर्थन नको. पण त्याने शेतकऱ्याची तक्रार खोटी कशी ठरते? ‘जान किंवा जमीन’ ही घोषणाही दोनच वाटा दाखवणारी, हे मान्य. पण बुडणार होती ती जमीन त्यांचीच.