चेंडूला जुना होऊ द्या

एकदिवसीय क्रिकेटच्या नियमांत आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जुलै २०२५ पासून जो बदल अंमलात आणला, त्याची म्हणावी तितकी चर्चा आपल्याकडे झालेली नाही. ऑक्टोबर २०११ पासून पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यांत दोन्ही टोकांकडून दोन स्वतंत्र नवे चेंडू वापरण्याची पद्धत होती आणि ती डावाच्या पन्नासाव्या षटकापर्यंत चाले. आता ती चौतिसाव्या षटकाशी थांबते. पस्तिसाव्या षटकापासून क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने त्या दोहोंपैकी एक चेंडू निवडावयाचा आणि उरलेला डाव त्याच चेंडूने संपवावयाचा. बदल दिसावयास किरकोळ आहे. परंतु वर्षानुवर्षे फलंदाजाच्याच ताटात वाढीत आलेल्या नियमकर्त्यांना गोलंदाजाची आठवण झाली, हेही थोडके नव्हे.

या बदलाचे गणित साधे आहे. दोन चेंडू अखेरपर्यंत वापरले म्हणजे प्रत्येक चेंडू जेमतेम पंचवीस षटकांचा होई. नव्या नियमाप्रमाणे निवडलेला चेंडू पस्तिसाव्या षटकाच्या प्रारंभी सतरा षटकांचा असतो आणि डाव संपताना तेहतीस षटकांचा होतो. क्रिकेटशी फारसा परिचय नसलेल्या वाचकाला ही आठ षटके क्षुल्लक वाटतील. पण जुना चेंडू म्हणजे केवळ मळलेला चेंडू नव्हे. त्याची एक बाजू खरवडली जाते, दुसरी घासून गुळगुळीत ठेवता येते आणि मग वेगाने टाकलेला तोच चेंडू फलंदाजाच्या अपेक्षेच्या उलट दिशेने आत शिरतो. 'रिव्हर्स स्विंग' म्हणतात ती विद्या हीच. शिवाय नरम पडलेला चेंडू कितीही जोराने टोलवला तरी पूर्वीसारखा दूर जात नाही, आणि फिरकी गोलंदाजाच्या बोटांना तो अधिक मानवतो. दोन नव्या चेंडूंनी हे सारे हिरावून घेतले, अशी तक्रार खुद्द सचिन तेंडुलकर यांनी २०१८ साली जाहीरपणे केली होती. ज्याने आयुष्यभर गोलंदाजांना घाम फोडला, त्यानेच गोलंदाजांची कैवारी व्हावे, यातच सर्व काही आले.

तथापि सर्व दोष दोन चेंडूंच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. पांढरा चेंडू लवकर मळतो आणि मग तो नीट दिसत नाही, ही अडचण खरीच होती. २००७ पासून म्हणूनच चौतीस षटकांनंतर तो बदलून दुसरा, वापरलेला पण स्वच्छ चेंडू देत असत. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधील पहिले द्विशतक तेंडुलकरांनी ग्वाल्हेरला फेब्रुवारी २०१० मध्ये झळकावले, तेव्हा दोन चेंडूंचा नियम नव्हता. जोहान्सबर्गला २००६ साली ऑस्ट्रेलियाने ४३४ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेने त्या ओलांडल्या, तेव्हाही तो नव्हता. उलट १९९२ च्या विश्वचषकात दोन पांढरे चेंडू असूनही अंतिम सामन्यात वासिम अक्रमने लागोपाठच्या दोन चेंडूंवर लॅम्ब आणि लुईस यांचे त्रिफळे उडवून इंग्लंडचे कंबरडे मोडले. तेव्हा दुखणे अधिक खोल आहे.

ते पाहावयाचे तर मुळापासून पाहावे. मर्यादित षटकांच्या सामन्यात फलंदाज पन्नासही षटके खेळू शकतो. गोलंदाजाला मात्र दहाच षटके. त्यावर २०१२ साली मधल्या षटकांत वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक ठेवण्याचे बंधन आले. २०१५ मध्ये शेवटच्या दहा षटकांपुरता पाचवा क्षेत्ररक्षक परत मिळाला, पण त्याच वेळी प्रत्येक नोबॉलवर 'फ्री हिट'ची बक्षिसीही देण्यात आली. सीमारेषेचा दोर आत ओढला गेला. बॅटी जाड झाल्या. २०१७ साली कडेची जाडी ४० मिलिमीटर व एकूण जाडी ६७ मिलिमीटर अशी मर्यादा घातली गेली खरी, पण ती इतकी सढळ की तिने जाड बॅटींना आळा घालण्याऐवजी मान्यताच दिली. आमच्या गोमंतकात कापणीनंतर शेतांत मुले क्रिकेट खेळतात, तेथे ज्याची बॅट त्याची पहिली फलंदाजी, असा जुना कायदा आहे. परिषदेचे नियमपुस्तकही त्याच कायद्यावर बेतलेले दिसते!

प्रेक्षकांना षटकारच हवेत, असे यावर सांगितले जाते. आम्हांला हे पटत नाही. एप्रिल २०२४ मध्ये बंगळूर येथे हैदराबादच्या संघाने वीस षटकांत २८७ धावा केल्या आणि प्रतिपक्षाने २६२ धावांपर्यंत मजल मारली. त्या सामन्यातला कोणता षटकार आज कोणाच्या स्मरणात आहे? याउलट १९८३ च्या २५ जूनला लॉर्ड्सवर भारताने केलेल्या अवघ्या १८३ धावा आणि मोहिंदर अमरनाथांच्या संथ, साध्या गोलंदाजीपुढे कोसळलेले वेस्ट इंडीजचे तळाचे फलंदाज, हे त्या रात्री जागलेले आमचे वाचक अजून नातवंडांना सांगत असतील. शेतातल्या त्या मुलांपैकी एखाद्याने उद्या बॅट सोडून चेंडू हाती घ्यावा, असे वाटत असेल तर त्याला दिसले पाहिजे की गोलंदाजही सामना जिंकून देतो. आज तो दूरचित्रवाणीवर पाहतो तो गोलंदाज बहुधा मान खाली घालून परत निघालेला असतो.

म्हणून चेंडूपाशीच थांबून चालणार नाही. अकराव्या ते चाळिसाव्या षटकांतही वर्तुळाबाहेर पाचवा क्षेत्ररक्षक द्यावा. फिरकी गोलंदाजाला चेंडू हवेत उंच सोडण्याचे धाडस त्याशिवाय होणार नाही. बॅटींच्या जाडीची मर्यादा खाली आणावी. आणि चेंडूला लाळ लावण्याची बंदी, जी साथीच्या काळात २०२० साली तात्पुरती म्हणून आली व २०२२ मध्ये कायम करण्यात आली, तिचाही फेरविचार व्हावा. आयपीएलने २०२५ च्या हंगामात ती उठवली. त्याने कोणाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही. गोलंदाजाला जुना चेंडू परत देणाऱ्यांनी तो चकाकता ठेवण्याचे साधनही त्याच्या हाती द्यावयास हवे.