किल्ला चीनचा, जहाजे मुंबईची

चीनमधील नदीकाठच्या किल्ल्यांची जुनी इंग्रजी कोरीव चित्रे आजही पुराणवस्तूंच्या बाजारात विकली जातात आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत विराजमान होतात. टॉमस ॲलम याचा चित्रसंग्रह १८४३ साली लंडनला निघाला. पर्ल नदीच्या मुखावरील चुएनपी किल्ल्याचा पाडाव त्यात मोठ्या डौलाने कोरला आहे. ॲलमने चीन कधी पाहिलाच नव्हता! दुसऱ्यांच्या रेखाटनांवरून त्याने ही दृश्ये रचली. कलारसिक त्यातील धुराच्या लोटांची नजाकत वाखाणतात. ७ जानेवारी १८४१ रोजी त्या धुराखाली शेकडो चिनी सैनिक मेले. इंग्रजांकडील एकही माणूस दगावला नाही. लढाई कशासाठी होती? अफू विकण्याच्या हक्कासाठी. १८३९ साली चीनने सुमारे वीस हजार पेट्या अफू नष्ट केली, हाच त्याचा अपराध.

वेळापूरच्या कष्टकऱ्याला या परदेशी चित्रांशी काय कर्तव्य, असे काही शहाणे विचारतील. कर्तव्य आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच चीनला जात होती. चुएनपीवर चालून गेलेल्यांत मद्रासची ३७ वी पलटण होती. म्हणजे गुलामाच्याच हाती दुसऱ्याला गुलाम करण्याची बंदूक. त्या मोहिमेतील ‘वेलस्ली’ आणि ‘मेलव्हिल’ या युद्धनौका मुंबई गोदीत बांधलेल्या. २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा अपमानकारक तह ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर झाला, तीही मुंबईचीच. चीनकडून २ कोटी १० लाख डॉलर उकळण्यात आले. त्यांतील ६० लाख निव्वळ अफूची भरपाई! त्याच वर्षी अफूच्या व्यापारात गबर झालेल्या जमशेटजी जीजीभाईंना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्यांच्या नावाचे रुग्णालय गोरगरिबांच्या उपयोगी पडले, हे कोणी नाकारीत नाही. परंतु दानाची पाटी संगमरवरात कोरणाऱ्यांनी कमाईची पाटी मात्र कोठेच लावली नाही.

याच सोलापूर जिल्ह्याचा चीनशी दुसराही एक संबंध आहे. सोलापुरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला गेले, ते अफूच्या पेट्या घेऊन नव्हे, शस्त्रक्रियेची हत्यारे घेऊन. नानकिंगच्या तहाला शंभर वर्षे झाली त्याच वर्षी, ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते तेथेच निवर्तले. जिल्ह्यातील शाळांनी ॲलमचे ते चित्र कोटणिसांच्या छायाचित्राशेजारी जरूर लावावे. मात्र चित्राखाली लढाईची तारीख, अफूच्या पेट्यांचा आकडा आणि मुंबईत बांधलेल्या जहाजांची नावे ठळक मराठीत लिहावीत.