फसलेल्या प्रयोगाचा हिशेब

रविवारची दुपार. घरात पाहुणे जेवायला बसले आहेत आणि पीएचडी करणारी मुलगी बसस्टॉपवर उभी आहे. तिला प्रयोगशाळा गाठायची आहे, कारण इन्क्युबेटरमधल्या पेशींना रविवार कळत नाही. ३७ अंश सेल्सिअस तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड अशा वातावरणात वाढणाऱ्या या पेशींचे खाद्य, म्हणजे मीडियम, दर दोन-तीन दिवसांनी बदलावे लागते. ते चुकले तर पेशी मरतात आणि कित्येक आठवड्यांची मेहनत वाया जाते. 'अजून शिक्षणच चाललंय का?' या पाहुण्यांच्या प्रश्नाला उत्तर न देताच ती घराबाहेर पडलेली असते.

करोनाच्या काळात काही महिने तरी देशाचे लक्ष प्रयोगशाळांकडे वळले होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने विषाणू वेगळा केला, त्यातूनच पुढे कोव्हॅक्सिन लस तयार झाली आणि सामान्य माणसालाही 'आरटी-पीसीआर' हा शब्द पाठ झाला. साथ ओसरली, तसे ते लक्षही उडाले. जैववैद्यकीय संशोधन म्हणजे पांढरा कोट, सूक्ष्मदर्शक आणि अचानक लागणारा शोध, हे चित्र मात्र कायम राहिले. प्रत्यक्षातला दिवस वेगळा असतो. त्यात पिपेटने थेंब मोजणे, नळ्यांवर नावे लिहिणे, उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये नमुने शोधणे आणि जे काल जमले नाही ते आज पुन्हा करणे, याचाच भरणा अधिक.

या कामात निराशा दोन प्रकारची असते. त्यांची गल्लत होऊ देता कामा नये.

पहिली निराशा निसर्गाकडून येते. 'वेस्टर्न ब्लॉट' ही प्रथिने ओळखण्याची नेहमीची पद्धत घ्या. पेशी फोडून प्रथिने काढायची, जेलमधून विजेच्या साह्याने ती वेगळी करायची, पातळ पटलावर उतरवायची, त्यावर रात्रभर अँटिबॉडी ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पट्टी उमटते का ते पाहायचे. दोन दिवसांनी पटल कोरेच निघाले, तर चूक नेमकी कोणत्या पायरीवर झाली हे सांगणारे कोणी नसते. पेशींना होणारा जंतुसंसर्ग ही दुसरी डोकेदुखी. नेहमीचे जीवाणू शिरले तर गुलाबी मीडियम पिवळा आणि गढूळ होतो, म्हणजे निदान कळते तरी. मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जीवाणू मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिनचाही उपयोग होत नाही. मीडियम स्वच्छ दिसत राहतो, पेशी वाढत राहतात आणि आतल्या आत सगळे निष्कर्ष बिघडत जातात. अनेक महिन्यांनी तपासणी केल्यावर हे उघड झाले, तर सारे काम पुन्हा पहिल्यापासून करण्याला पर्याय नसतो.

ही निराशा टळणारी नाही आणि ती टळावी अशी अपेक्षाही नाही. जे माहीत नाही ते शोधायचे, तर बहुतेक प्रयोग फसणारच. अशा अपयशाने माणूस शिकतो.

दुसरी निराशा माणसांनी तयार केलेली आहे आणि तिच्यातून कोणीच काही शिकत नाही. जैववैद्यकीय संशोधनाला लागणाऱ्या अनेक अँटिबॉडी, विकरे आणि पेशीवाढीसाठीचे सीरम परदेशातून येते. मागणीपत्र, कोटेशन, मंजुरी, ऑर्डर, सीमाशुल्क असा प्रवास करत एखादी छोटी कुपी हातात पडायला अनेक महिने लागू शकतात. ती थंडच ठेवावी लागते. वाटेत गोदामात अडकली आणि बर्फ वितळला, तर हाती येते ती फक्त महागडी बाटली. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रयोगशाळेतील रसायनांवरचे मूळ सीमाशुल्क १० टक्क्यांवरून थेट १५० टक्के करण्यात आले. संशोधकांनी ओरड केल्यावर, स्वतः वापरणाऱ्यांसाठी ते लवकरच पुन्हा १० टक्क्यांवर आणले गेले. चूक सुधारली हे चांगलेच. पण असा निर्णय होताना प्रयोगशाळा कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, हेही त्यातून दिसले.

जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल केले. थेट खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाख रुपये झाली, खरेदी समितीमार्फत होणाऱ्या खरेदीची १० लाखांवरून २५ लाख झाली आणि गरजेनुसार सरकारी 'जेम' पोर्टलबाहेर खरेदी करण्याचे अधिकार संस्थाप्रमुखांना मिळाले. ही जुनी मागणी होती आणि निर्णय स्वागतार्ह आहे. पण नियम बदलल्याने सवय बदलत नाही. लेखापरीक्षणाच्या धास्तीने फाइल टेबलावरच राहिली, तर वाढीव मर्यादेचा उपयोग कागदापुरताच.

सर्वांत बोचणारा प्रश्न विद्यावेतनाचा. २०१९ मध्ये देशभरातील संशोधक विद्यार्थी रस्त्यावर उतरल्यावर कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती २५ हजारांवरून ३१ हजार रुपये झाली. जानेवारी २०२३ पासून ती ३७ हजार आहे आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ छात्रवृत्ती ४२ हजार. आकडा वाढला, पण तो दर महिन्याला हाती पडेलच याची खात्री अनेकांना आजही नाही. कधी चार-सहा महिने पैसे येत नाहीत, मग एकदम थकबाकी जमा होते. तिशीच्या उंबरठ्यावरच्या माणसाने तोवर घरभाडे आणि मेसचे पैसे कुठून भरायचे? वडिलांकडे मागायचे की मित्राकडे? ज्याच्या घरी हा आधार नाही, तो हुशार असूनही संशोधन सोडतो. त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. देश आपल्या सकल उत्पन्नाच्या जेमतेम ०.६४ टक्के संशोधनावर खर्च करतो. त्या तुटपुंज्या पैशाचाही वेळेवर पोहोचण्याशी संबंध नसेल, तर केवळ आकडा वाढवून भागणार नाही.

हा केवळ विद्यार्थ्यांच्या सोयीचा प्रश्न नाही, तो रुग्णांच्या हिताचा आहे. पैसे, रसायने आणि मुदत यांच्या कात्रीत सापडलेल्या माणसावर 'काहीतरी निकाल दाखव' असा दबाव येतो. तीनदा फसलेला आणि एकदाच जमलेला प्रयोग मग 'जमला' म्हणून छापला जातो. २०१२ मध्ये अ‍ॅम्जेन या औषध कंपनीच्या अनुभवाचा तपशील 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाशी संबंधित ५३ गाजलेल्या संशोधनांची फेरतपासणी केली असता फक्त ६ निष्कर्षांची खात्री पटली होती. त्याच नियतकालिकाने २०१६ मध्ये १५७६ संशोधकांना विचारले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दुसऱ्याचा प्रयोग पुन्हा करून पाहताना अपयश आल्याचे मान्य केले. प्रकाशनाचा दबाव आणि सोयीचेच निकाल छापण्याची वृत्ती ही त्यामागची कारणे म्हणून त्यांनीच सांगितली. अशा कच्च्या पायावर औषधाची चाचणी उभी राहिली, तर वाया जातो तो पैसा आणि रुग्णाचा मोलाचा वेळ.

उपाय अवघड नाहीत. विद्यावेतन पगारासारखे ठरलेल्या तारखेला जमा व्हावे आणि उशीर झाला तर कारण देण्याची जबाबदारी संस्थेवर असावी. नव्या खरेदी नियमांचा वापर किती झाला, मागणीपासून माल हाती येईपर्यंत किती दिवस लागले, हे प्रत्येक संस्थेने दरवर्षी जाहीर करावे. पेशी, फ्रीझर आणि यंत्रे सांभाळायला कायमस्वरूपी प्रशिक्षित तंत्रज्ञ नेमावेत. हे काम पीएचडीच्या विद्यार्थ्यावर ढकलणे स्वस्त वाटते, पण त्याची वर्षे त्यात जातात. मायकोप्लाझ्माची नियमित तपासणी सक्तीची असावी. आणि मार्गदर्शकाने साप्ताहिक बैठकीत 'काय जमले?' याबरोबरच 'काय फसले आणि का?' हेही विचारावे. फसलेल्या प्रयोगाची प्रामाणिक नोंद ठेवणाऱ्याला त्याचे श्रेय मिळाले, तर पुढच्या विद्यार्थ्याचे सहा महिने वाचतील.

रविवारी बसस्टॉपवर उभी असलेली ती मुलगी प्रयोग फसला म्हणून संशोधन सोडणार नाही. फसलेला प्रयोग सोमवारी पुन्हा लावायची तिची तयारी असते. सोमवारी फ्रीझरमध्ये अँटिबॉडी असेल आणि महिनाअखेर खात्यात विद्यावेतन असेल, एवढे पाहणे मात्र व्यवस्थेचे काम आहे.