समदुःखितांचा आधार

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासमोरील पदपथावर सकाळी घटकाभर थांबणाऱ्यास एक विलक्षण दृश्य दिसते. हातात क्ष-किरणचित्रांची मोठी पाकिटे घेतलेली माणसे बंगालपासून बीडपर्यंत कोठूनही आलेली असतात. परस्परांची भाषा त्यांना धड येत नाही, तरी त्यांचे संभाषण अखंड चाललेले असते. कागदावर शिक्का कोठे मारून घ्यावयाचा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळण्यासाठी कोणता कागद लागतो, रेल्वेच्या भाड्यातील सवलतीचा अर्ज कोणाकडून भरून घ्यावयाचा, औषधाने तोंड आले असता काय गिळता येते, हे सारे ज्ञान तेथे फुकट वाटले जाते. देणारा तज्ज्ञ नसतो. तो चार महिन्यांपूर्वी याच पदपथावर गोंधळून उभा राहिलेला दुसरा रुग्ण असतो.

वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा नसतो, हे केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले. भाजी घेणारा भाजी पारखू शकतो. रुग्णास मात्र आपण काय विकत घेत आहोत याची कल्पना नसते, आणि विकणारास ती असते. ही विषमता दूर करण्याचे काम डॉक्टराच्या सदसद्विवेकावर सोडलेले आहे, आणि बहुतेक डॉक्टर ते आपल्या परीने करतातही. परंतु बाहेर शंभर माणसे ताटकळत असताना एका रुग्णाच्या वाट्यास किती मिनिटे येणार? उरलेले शिक्षण बाकावर होते. ते कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, म्हणून त्याची किंमत शून्य आहे असे प्रशासन समजते.

वस्तुतः ही कल्पना नवी नव्हे. १९०५ साली बोस्टन येथे जोसेफ प्रॅट या डॉक्टराने क्षयाच्या गरीब रुग्णांचा एक वर्ग सुरू केला. आरोग्यधामाचा खर्च ज्यांस झेपत नव्हता अशांना आठवड्यातून एकदा एकत्र बोलावून घरच्या घरी विश्रांती, मोकळी हवा आणि आहार यांचे धडे द्यावयाचे, असा त्याचा व्यावहारिक हेतू होता. पुढे त्याच्या लक्षात आले की आपल्या व्याख्यानाइतकाच गुण रुग्णांच्या एकत्र बसण्यास आहे. काटकसरीसाठी काढलेल्या युक्तीतून उपचाराचे एक अंग हाती लागले. अर्थशास्त्राच्या अभ्यासकास अशा गोष्टीचे कौतुक वाटावे, हे स्वाभाविकच होय.

तथापि या विषयावर भाबडेपणाने लिहिणे हा रुग्णांवर अन्याय ठरेल. १९८९ साली डेव्हिड स्पीगेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या, रोग शरीरभर पसरलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आधारगटात बसणाऱ्या स्त्रिया सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. जगभर आशेची लाट उसळली. परंतु २००१ साली कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. आढळले ते एवढेच की मनाचा क्लेश आणि शरीराची वेदना कमी झाली, आणि तीही विशेषतः ज्या आरंभी अधिक खचल्या होत्या त्यांची. ‘एवढेच’ हा शब्द येथे कितपत योग्य आहे, हे ज्याने रात्रभर वेदनेने तळमळणारे माणूस पाहिले आहे त्याने ठरवावे.

बाकावरच्या आशेतही एक हिशेबाची चूक दडलेली असते. तीन वर्षांपूर्वी बरा होऊन गेलेला रुग्ण तपासणीसाठी आलेला दिसला की नवख्याला धीर येतो; डॉक्टरने सांगितलेल्या टक्केवारीने जे साधत नाही ते त्या एका जिवंत दाखल्याने साधते. पण जे परत आले नाहीत ते बाकावर नसतात. शिवाय याच बाकावर कोणी एखाद्या वैदूचा पत्ताही देतो, आणि चांगला चाललेला उपचार अर्ध्यावर सुटतो. ज्याच्या शेजारी बसून महिनाभर डबा खाल्ला तो एका सोमवारी येत नाही. त्याची चौकशी करावी की करू नये, या प्रश्नाने शेजाऱ्याची झोप उडते. म्हणून या सोबतीस जाणत्या समाजसेविकेची जोड हवी. खोटी माहिती वेळीच अडवणारे आणि रिकाम्या जागेबद्दल मोकळेपणाने बोलू देणारे कोणी तरी तेथे असले पाहिजे.

हा प्रश्न आताच विचारण्याचे कारण आहे. तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचारकेंद्रे उभारण्याचे, आणि त्यांपैकी २०० त्याच वर्षी काढण्याचे, २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात जाहीर झाले. हे धोरण स्वागतार्हच आहे. गडचिरोलीच्या मजुराने औषधाच्या प्रत्येक फेरीसाठी रोज बुडवून, कर्ज काढून मुंबई गाठावी, हे कोणत्याही हिशेबात बसत नाही. परंतु उपचार गावाजवळ येताना पदपथावरचे ते विद्यापीठ मात्र मोडणार आहे. जिल्ह्याच्या केंद्रात एका दिवशी चार-पाच रुग्ण असतील, एकाच्या शिरेत औषध चढत असता दुसरा घरी निघालेला असेल, आणि गावात तर रोगाचे नावही दबक्या आवाजात घेतले जाते. मोठ्या शहरातील अनोळखी गर्दीत जे बोलता येते ते आपल्या आळीत बोलता येत नाही.

यासाठी नवी इमारत नको. एकाच प्रकारच्या रोगाच्या रुग्णांना शक्यतो एकाच वारी बोलावावे. बरा झालेला एखादा रुग्ण त्या दिवशी केंद्रात असावा आणि त्याला एस.टी.चे भाडे व दिवसाचा रोज द्यावा. सेवाभावाच्या नावाखाली गरिबाकडून फुकट काम करून घेण्याची आपली जुनी सवय येथे तरी नको. खर्चाचे म्हणाल, तर औषधाच्या एका बाटलीच्या किमतीत असे कितीतरी वार निघतील. आराखडे मंजूर करणाऱ्यांनी खुर्च्या मांडतानाच त्या भिंतीकडे तोंड करून न ठेवता एकमेकींसमोर ठेवल्या, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.